सकाळी सहा ते नऊ सायकलींना बंदी

मी सायकलमार्ग बोलतोय. पूर्ण नाव 'पादचारी व सायकलस्वारांचा सामाईक मार्ग'. मांजरी गावापासून आयटीवाल्यांच्या नव्या सोसायटीपर्यंत, जेमतेम एक किलोमीटर. छातीवर सायकलचं पांढरं चित्र आहे. त्यावरून चाक जाऊन किती दिवस झाले, मोजणं सोडून दिलंय.

आधी मी दत्तोबांच्या उसाचा बांध होतो. दोन हजार चार साली त्यांनी बिल्डरला रान विकलं, पण रस्त्याकडेची ही पट्टी काही देईनात. शेवटी म्हणाले, "आमची सून श्यामला सायकलवर तुमच्या बिल्डिंगीत पोळ्या लाटाया येनार हाय. तिला नीट वाट करा, मग पट्टी घ्या." बिल्डरनं मला बांधलं, शेजारच्या रस्त्यावर गाड्यांचा वेग कमी व्हावा म्हणून दोन गतिरोधकही घातले. एका बाईच्या सायकलीसाठी जन्मलो मी. लाज कसली त्यात?

सकाळी पावणेसातला श्यामला यायची. चार घरच्या पोळ्या, शेवटचं घर साडेदहाला. उशीर झाला की पहिल्या घरातला डबा पोळीशिवाय ऑफिसला जाई. ती माझ्यावरून भरभर जायची, आणि दिवसभरात मला तेवढीच सोबत.

मग सोसायटीतल्या ज्येष्ठांना डॉक्टरनं चालायला सांगितलं.

त्यांचे पुढारी तात्याराव, निवृत्त इंजिनिअर. चौघं शेजारी शेजारी, मार्गभर एका आडव्या ओळीत चालायचे, कोण मागं राहिला तर त्याचा अपमान! विषय दोनच, पोरांची पॅकेजं आणि स्वतःची साखर. एके दिवशी श्यामलानं मागून घंटी वाजवली. तात्याराव दचकले.

"अहो बाई, माणसं दिसत नाहीत का?"

"दिसली म्हणूनच वाजवली, काका."

बाकीचे तिघे हसले. ते हसले नसते तर बरं झालं असतं.

रविवारी सोसायटीची मीटिंग झाली. सोमवारी माझ्या तोंडाशी पाटी उभी राहिली: 'सकाळी ६ ते ९ सायकलींना बंदी. ज्यांना घाई आहे त्यांनी ती रस्त्यावरून न्यावी. हुकमावरून.' त्याच मीटिंगमध्ये गतिरोधकही काढायचं ठरलं. मुलांच्या गाडीतून जाताना ज्येष्ठांच्या कमरेला दणका बसतो म्हणे. आयुष्यभर आकडेमोड केलेल्या माणसाला एवढं कळू नये, की आपण सायकल रस्त्यावर ढकलतोय आणि त्याच रस्त्याचा लगामही सोडतोय?

कळत होतं. त्यांना फक्त वाट मोकळी हवी होती.

दत्तोबा पाटी बघायला आले. पट्टी त्यांची, शब्द बिल्डरचा. भांडायला हवं होतं. तात्यारावांनी "या, बसा" म्हणून बाक दाखवला आणि दत्तोबा टोपी सावरत बसले. चहाही प्यायले. घरी जाताना सुनेला म्हणाले, "मोठी मान्सं हायती. थोडे दिस रस्त्यानं जा." मोठी माणसं! ऊस गेला तेव्हा मात्र हेच दत्तोबा या पट्टीसाठी अडून बसले होते.

अकराव्या दिवशी, गतिरोधक काढलेल्या रस्त्यावर, आयटी कंपनीच्या भरधाव बसचा आरसा श्यामलाला लागला. मी दहा फुटांवर होतो. उठून जायला मला पाय नाहीत. ती उजव्या हातावर पडली, मनगट मोडलं. चौघं धावत आले, रिक्षा थांबवली, पाणी दिलं. वाईट नव्हते हो ते. पण रिक्षा गेल्यावर एकानं विचारलं, "मग उद्यापासून पोळ्यांचं कसं?"

मनगट वाकडं जुळलं. ब्रेक दाबवत नाही, म्हणून श्यामला आता चालत येते. गावापलीकडच्या घरापासून चाळीस मिनिटं. दोन घरं सुटली. राहिलेल्या दोन घरांत पोळ्या जाड होतात अशी तक्रार आहे.

परवा तात्याराव तिला माझ्यावर भेटले. मनापासून म्हणाले, "छान! चालण्यासारखा व्यायाम नाही बघा."

श्यामला कडेला झाली. चौघं ओळ न मोडता पुढं गेले.

नऊनंतर माझ्यावर कुणी नसतं. तुमच्याकडे सायकल असेल तर एकदा या. नऊनंतर नको, पावणेसातला या. हाकलतील, तरी या. आणि शेजारून उजवा हात पोटाशी धरून एक बाई चालत असेल, तर तिला मागं बसवून घ्या. तिला उशीर होतोय.