लोविसाचा चेहरा

मी एक चित्र बोलतंय, व्हर्माँट या बर्फाळ मुलुखातल्या एका जुन्या शेतघरातलं. हसा खुशाल! बोटं मुळ्यांसारखी, पाय जमिनीला न टेकलेले, अंगाला सावली म्हणून नाही. मला काढणारा झीनस बर्फावरच्या घसरगाडीतून गावोगाव फिरायचा, एरवी दुकानांच्या पाट्या रंगवायचा. त्याला चेहरा एकच यायचा, गोल डोळ्यांचा, मिटल्या ओठांचा. न्यायाधीश असो की तान्हं बाळ, सगळ्यांना तोच.

चार वर्षांची लोविसा घशाच्या तापाने गेली. गेलेल्या लेकराचं चित्र जिवंत असल्यासारखं काढून घ्यायची तिथली रीत, म्हणून झीनस आला. पोर बैठकीत फळीवर निजलेली, आणि हा सुतळीने तिचं कपाळ मोजतोय!

"हिचा चेहरा तेवढा माझ्याजवळ राहू द्या," तिची आई केझाया म्हणाली. "मी विसरले तर काय करू हो?"

मी पुरं झालं तेव्हा ती बघतच राहिली.

"अहो, ही आपली लोविसा नाही. तिचं तोंड मिटलेलं कधी पाहिलंय का कुणी? दिवसभर टकळी चालू!"

"फ्रॉक तर तिचाच आहे," नवरा असाहेल म्हणाला. "उगी आता. सवय होईल."

सवय झाली, तेच वाईट झालं. रोज सकाळी ती माझ्याकडे बघायची, आणि खरी लोविसा तिच्या मनातून थोडी पुसली जायची. ओरडावंसं वाटे, अगं बाई, नको ना बघूस!

पुढे दुसरी मुलगी झाली. गेलेल्याचं नाव पुढच्या लेकराला द्यायचं, हीही तिथली पद्धत. म्हणून हीसुद्धा लोविसा, अंगात तोच फ्रॉक.

"तोंड मीट," केझाया तिला दटावायची. "बघ, ती कशी शहाण्यासारखी बसलीय!"

पोर मला जीभ काढून दाखवायची. फार जीव होता माझा तिच्यावर.

तिलाही तोच ताप आला. बैठकीत पुन्हा फळी मांडली गेली. असाहेल हातात टोपी घेऊन दारात उभा राहिला.

"झीनस शेजारच्या गावात आलाय म्हणे. बोलावू का?"

केझायाने माझ्याकडे पाहिलं.

"कशाला हो? लोविसाचं चित्र आहे की आपल्याकडे."

आता मी परक्यांच्या भिंतीवर आहे. तुमच्या घरी लेकरू असेल, तर माझ्यापुढे वेळ घालवू नका. जा, त्याला जवळ घ्या, डोळे भरून बघा. त्या घरात दोन पोरी होत्या, आणि माझ्यात एकीचाही चेहरा नाही.