ओल झाकायला उभा केलेला आरसा

मित्रांनो, मी एक जुना, माणसाच्या उंचीचा आरसा आहे. लाकडी चौकटीत बसवून मला शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी घरी आणलं. कपडे घालून बघायला आलेल्या बायका माझ्यापुढे गिरक्या घ्यायच्या. "पाठीला चुण्या पडतात का गं?" पडत असतील तर मी दाखवायचोच. तोंडदेखलं गोड बोलणं आपल्याला जमत नाही बुवा!

पुढे बाईंचे डोळे अधू झाले. मशीन गेलं, गिऱ्हाइकं गेली, माझ्यावर धूळ साचली. लेकीकडे राहायला जायचं म्हणून त्यांनी घर विकायला काढलं. आतल्या खोलीच्या भिंतीत मात्र ओल मुरली होती. कितीही रंग द्या, पोपडे सुटायचेच. दलालाने मला उचललं आणि नेमकं तिथेच टेकवलं.

"मावशी, झाकली मूठ सव्वा लाखाची! आधीची गिऱ्हाइकं ओल बघूनच पळाली ना?"

काय सांगू, शरमेने मेल्यासारखं झालं. लोकांना खरं दाखवणारा मी, आणि माझ्याच पाठीमागे लबाडी! त्या ओलीने माझ्या पाठीचा पारा उडू लागला तो वेगळाच.

घर बघायला नवरा-बायको आणि त्यांची चिमुरडी आली. पोरीला दमा होता. तिची आई म्हणाली, "हिची खाट इथेच लावू. मावशी, घरात कुठेही ओल नाही असं लिहून द्याल ना?"

"देतील की!" दलालाने पेन पुढे केलं.

बाईंनी पेन घेतलं. तेवढ्यात पोर माझ्यात बघून स्वतःला वेडावू लागली आणि हसता हसता तिला धाप लागली. छाती भात्यासारखी हलत होती. बाईंचा हात थांबला.

"आरसा बाजूला करा," त्या म्हणाल्या. "मला नाही हे लिहिता येणार."

मला सरकवलं. काळीहिरवी भिंत उघडी पडली. दलालाने कपाळावर हात मारला. हेही गिऱ्हाईक गेलं, या विचाराने बाईंना रडू आलं.

मुलीच्या आईने भिंतीला हात लावून पाहिला. मग ती म्हणाली, "भिंतीतला नळ गळतोय, तो दुरुस्त करून घ्या. भिंत वाळली की आम्ही येतो. बाकीच्या भिंतींचं काही लिहून नको, मावशी. तुमचा शब्द पुरे."

तसंच झालं. बाई लेकीकडे गेल्या, मी मात्र इथेच राहिलो. खालचा पारा उडाल्यामुळे माझ्यात पोरीचे पाय दिसत नाहीत. तिची काही तक्रार नाही.

मित्रांनो, आम्हा आरशांना पुसा, जपा. पण काही झाकायला आम्हाला उभं करू नका. त्या भिंतीशेजारी कुणाचं तरी लेकरू झोपणार असतं.