सत्तेचाळिसावा इशारा

तिने मशीनने छापलेल्या यादीतल्या अठराव्या इशाऱ्यावर पेन्सिलने खूण केली आणि पान उलटलं. टेबलाला टेकलेले साहेब वैतागले.

"अगं, एक ओळ टाक आणि सगळे बंद कर. वर्षानुवर्षं हेच सत्तेचाळीस येतायत. कुणी बघतं का?"

"म्हणूनच बघतेय, सर."

"हट्टात अगदी बापावर गेलीस."

ज्या प्रोग्रामवर हे इशारे येत, तो तिच्या बाबांचाच होता. शहरातल्या कुठल्या टाकीचा व्हॉल्व्ह किती मिनिटं उघडायचा, हे तो ठरवायचा. तीन वर्षांपूर्वी एक व्हॉल्व्ह पहाटेपर्यंत उघडा राहिला आणि खालच्या गल्लीतल्या घरांत गुडघाभर पाणी शिरलं. सगळ्यांनी बाबांकडे बोट दाखवलं. ते मान खाली घालून निवृत्त झाले, येताना प्रोग्रामच्या स्वतःकडच्या जुन्या छापील प्रतीचा गठ्ठा तेवढा काखेत मारून आणला. तेव्हापासून जेवणाचं टेबल त्या गठ्ठ्याचं झालं होतं. बाबा रोज त्यात आपली चूक शोधत आणि घरातली जेवणं ओट्याशी उभ्याने होत. सवत परवडली, असं आई म्हणायची.

मेमरीच्या अगदी सुरुवातीची जागा मशीनची स्वतःची, राखीव. प्रोग्राम तिथे डोकावला की इशारा येतो. बाबांनी बऱ्याच ठिकाणी मुद्दाम डोकावलं होतं. मशीनची माहिती मिळते ती तिथेच. जिथे डोकावणं रास्त होतं त्या ओळीपुरताच ती इशारा बंद करत होती. एकेक, न कंटाळता.

चार वाजता एकच उरला. टाकीचं मोजमाप आलं नाही तर चाळीस मिनिटं धरा, अशी ती ओळ. पण 'चाळीस घे' असं सांगण्याऐवजी 'मेमरीतल्या चाळीस नंबरच्या घरात जे असेल ते घे' असं सांगितलं गेलं होतं. त्या राखीव घरात काय सापडेल, याचा नेम नव्हता.

ओळीच्या टोकाला, नियमाप्रमाणे, बदल करणाऱ्याची खूण आणि तारीख होती. खूण तिचीच होती. तारीख नोकरीतल्या पहिल्या महिन्यातली, गल्लीत पाणी शिरलं त्याच्या काही दिवस आधीची.

तिने मान वर करून पाहिलं. साहेब केबिनमध्ये होते. एक ओळ टाकली असती तर कुणाला काही कळलं नसतं. तिने ओळ दुरुस्त केली, कोरा कागद ओढला आणि लिहायला घेतलं.

घरी बाबा टेबलाशीच होते. तिने ती ओळ असलेलं पान त्यांच्यापुढे ठेवलं.

"हे तुमच्या गठ्ठ्यात नाही, बाबा. नंतरचं आहे. माझं."

बाबांनी ओळ वाचली. मग तारीख. पुन्हा ओळ.

"मशीनने सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं. तुमच्या शेहेचाळिसांसारखाच असेल म्हणून मी सोडून दिलं."

बाबांनी पान गठ्ठ्यावर ठेवलं.

"साहेबांना सांगायचं म्हणजे..."

"सांगून आलेय. लेखी."

बाबांनी चष्मा काढून पुसला. मग गठ्ठा दोन्ही हातांनी उचलून खाली जमिनीवर ठेवला आणि टेबलावरची धूळ बाहीने झटकली.

"अहो, काय चाललंय?" आईने ओट्याकडून विचारलं.

"ताटं इकडे आण," बाबा म्हणाले. "तिघांची."