सहावं प्रकरण

पद्मिनी सेलूकरला फारसी येत होती ती हौसेनं शिकल्यामुळे नव्हे. निजामाच्या काळात परभणीच्या शाळेत सगळं उर्दूतून चाले, आणि तिचे वडील त्याच शाळेत फारसी शिकवत. पुढे राजवट गेली. तिच्या बरोबरीच्या मुलींनी ती भाषा टाकून दिली. हिनं मात्र हैदराबादला जाऊन तिच्यातच एम. ए. केलं. १९६८ साली नवऱ्याची, जयंतची बदली चंडीगडला सेक्टर ३० मधल्या उपकरणांच्या प्रयोगशाळेत झाली, तेव्हा या भाषेचा तिथं काही उपयोग होईल असं दोघांनाही वाटलं नव्हतं.

पण झाला. शहरात एक लहानशी संस्था होती. धर्माभ्यास आणि परराष्ट्र अभ्यास अशी दोन खाती एकाच कोठीत, म्हणजे दुमजली बंगल्यात चालत, खाली धर्म आणि वर परराष्ट्र. संचालक डॉ. बक्षी लाहोरला शिकलेले. फारसी बोलणारी मराठी बाई बघून ते इतके खूश झाले की मुलाखत त्यांनी फारसीतच घेतली आणि त्याच दुपारी तिला हंगामी व्याख्याता म्हणून नेमलं. "हंगामी म्हणजे फार तर वर्षभर," ते म्हणाले होते. ती चौदा वर्षं हंगामीच राहिली.

तिनं प्रबंधासाठी विषय घेतला इराणमधल्या धर्मगुरूंचा. १९७३ मध्ये तीन महिन्यांची शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा सात वर्षांच्या लीनाला जयंतवर सोपवून ती तिथल्या कोम शहरात जाऊन राहिली. एका विधवेच्या घरात तिला खोली मिळाली होती. त्या बाईचे दोन्ही मुलगे मदरशात शिकत. संध्याकाळी स्वयंपाकघरात त्यांचे मित्र जमत, चहा पीत, हळू आवाजात बोलत. पद्मिनी भाजी निवडता निवडता ऐकत राही. बाजारातले व्यापारी सरकारचा कर चुकवतात, पण मशिदीचा वाटा स्वतःहून नेऊन देतात, हे तिनं तिथं डोळ्यांनी पाहिलं. परत आल्यावर तिनं प्रबंधाचं सहावं प्रकरण लिहिलं. त्यात तिनं सरळ म्हटलं होतं, की या देशातली राजसत्ता कधी उलटलीच तर ती राजकीय पक्षांमुळे उलटणार नाही, मशिदींमुळे उलटेल, आणि ते व्हायला दहा वर्षंही लागणार नाहीत.

ते प्रकरण पहिल्यांदा वाचलं रघुवीर मोहरीरनं. हा नागपूरचा मुलगा वरच्या मजल्यावर नुकताच लागला होता. सेक्टर २२ मध्ये एका ढाब्याच्या मागे खोली घेऊन राहायचा आणि ढाब्याच्या तेलकट भाज्यांना कंटाळून रविवारी सेलूकरांकडे जेवायला यायचा. थंडीतल्या एका दुपारी क्वार्टरसमोरच्या हिरवळीवर उन्हात बसून त्यानं सगळी एकेचाळीस पानं वाचली.

"ताई, हे खरं झालं तर?" त्यानं विचारलं.

"खरंच आहे ते. व्हायचं तेवढं राहिलंय," पद्मिनी म्हणाली.

१९७५ मध्ये तिनं प्रबंध सादर केला. दीड वर्षानं बक्षींनी तिला बोलावलं. परीक्षकाचा अहवाल गोपनीय, म्हणून कागद त्यांनी दाखवला नाही, तोंडीच सांगितलं.

"मिसेस सेलूकर, सहावं प्रकरण काढा. ते म्हणतात, हे संशोधन नाही, भविष्य सांगणं आहे. शेवटही बदलायला हवा."

"सर, तुम्हाला काय वाटतं?"

"मला?" बक्षींनी चष्मा काढून पुसला. "वरचे लोक म्हणतात हा धर्माचा विषय आहे. खालचे म्हणतात हे राजकारण आहे. तुमच्या बाजूनं बोलणारा एकही मजला या इमारतीत नाही."

तिचे मार्गदर्शक तोवर वारले होते. ती वर्षभर अडून बसली. मग नवा नियम आला, की डॉक्टरेट नसलेल्या हंगामी लोकांची नेमणूक यापुढे वाढवायची नाही.

"अगं, एकच प्रकरण ना?" जयंत म्हणाला. "पदवी घेऊन टाक. मग पुस्तक काढ, त्यात छाप. तेव्हा कोण अडवणार आहे तुला?"

त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. पद्मिनीनं सादर केलेल्या सगळ्या प्रती परत घेऊन त्यांतली एकेचाळीस पानं काढली आणि शेवटी नव्यानं अकरा ओळी टाइप केल्या: धर्मगुरूंचा राजकीय प्रभाव ओसरत असून नजीकच्या काळात तो परतण्याची चिन्हं नाहीत. टाइप करताना एका अक्षराचीही चूक झाली नाही, याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं.

१९७८ च्या सप्टेंबरात तेहरानमधल्या मोर्च्यांच्या बातम्या यायला लागल्या. ती धावत बक्षींकडे गेली.

"सर, प्रकरण परत घालू द्या."

"आता? बांधणी झाली, तोंडी परीक्षेची तारीख ठरली. वेडेपणा करू नका."

ऑक्टोबरात ती डॉक्टर झाली. जयंतनं सेक्टर १७ मधून बर्फी आणली. लीना म्हणाली, "मम्मा, अब तो हँसो." ती हसली.

फेब्रुवारीत इराणमधली राजवट कोसळली. एकाएकी सगळ्यांना धर्म आणि परराष्ट्र राजकारण दोन्ही कळणारा माणूस हवा झाला. पुढच्या वर्षी संस्थेला एक नवं प्राध्यापकपद मिळालं. पद्मिनीनं अर्ज केला आणि रघुवीरनंही. त्याला फारसी येत नव्हती.

निवड समितीचे अध्यक्ष निवृत्त राजदूत होते. त्यांच्यासमोर तिचा बांधलेला प्रबंध होता. त्यांनी त्या अकरा ओळी तिला मोठ्यानं वाचून दाखवल्या.

"हे आपलं मत ऑक्टोबर अठ्ठ्याहत्तरचं," ते म्हणाले. "चार महिन्यांत काय झालं ते आपण जाणता."

पद्मिनीनं पिशवीतून सहाव्या प्रकरणाची कार्बन प्रत काढून टेबलावर ठेवली. "हे पंचाहत्तरचं आहे. मला ते काढायला सांगितलं गेलं."

"कोणी?"

तिनं समितीत बसलेल्या बक्षींकडे पाहिलं. ते समोरच्या कागदावर पेन्सिलीनं चौकोन काढत होते. "परीक्षकांचे अहवाल गोपनीय असतात," ते म्हणाले. मान त्यांनी वर केली नाही.

"मॅडम, राग मानू नका," अध्यक्ष म्हणाले, "पण फेब्रुवारीनंतर असं प्रकरण कोणीही टाइप करू शकतं. तेव्हा वाचलेलं कोणी आहे?"

"आहे. बाहेर बसलाय. रघुवीर मोहरीर."

अध्यक्षांनी नाव लिहून घेतलं. ती बाहेर आली तेव्हा तिला बरं वाटत होतं. रघुवीर आत गेला आणि ती फाटकापाशी थांबली. अर्ध्या तासानं तो बाहेर आला, पण फाटकाकडे न येता मागच्या वाटेनं सायकल घेऊन निघून गेला. तेवढ्यावरून तिला कळलं.

तीन आठवड्यांनी त्याची नेमणूक झाली. त्या रविवारी तो घरी आला. लीनानं दार उघडून आत हाक मारली, "मम्मा, रघू अंकल आए हैं."

तो खुर्चीच्या कडेवर बसला. "त्यांनी मला विचारलं, ताई."

"काय सांगितलंस?"

"आठवत नाही म्हणालो."

"आणि आठवतं?"

"शब्द न् शब्द. ते विचारून राहिले होते ना, तेव्हा मनात आलं, मी हो म्हटलं तर मग मी इथं कशाला बसलोय? तुम्हालाच द्यायला पाहिजे होतं ते. मला ठाऊक होतं."

जयंत उठून आत गेला. स्वयंपाक झालेला होता, वरणाला दिलेल्या फोडणीचा वास येत होता. सहा वर्षं दर रविवारी पद्मिनी त्याला "जेवून जा" म्हणत आली होती. त्या दिवशी म्हणाली नाही. थोडा वेळ बसून तो गेला.

तिनं ते प्रकरण तीन नियतकालिकांना पाठवलं. दोघांनी उत्तर दिलं नाही. तिसऱ्यानं लिहिलं, की लेख उत्तम आहे, पण घडून गेल्यावर केलेली अशी विश्लेषणं आता ढिगानं येत आहेत. पुस्तकाचं नाव जयंतनं पुन्हा काढलं नाही.

पुढच्या नेमणुकीच्या पत्रात तिच्या कामांत एका कामाची भर पडली होती: दर सोमवारी फारसी वृत्तपत्रांतल्या कात्रणांचं भाषांतर प्राध्यापक मोहरीर यांना देणं. तिनं पत्र दोन दिवस तसंच ठेवलं, मग सही केली. भाषांतरं ती चपराश्याच्या हाती वर पाठवायची. रघुवीरचे लेख छापून यायला लागले. तळटिपेत तिचं नाव असे, भाषासाहाय्याबद्दल आभार म्हणून. लेख चांगले होते. वाचताना कुठल्या वाक्यामागे तिच्या कुठल्या पानाची आठवण आहे ते तिला ओळखू येई.

१९८२ मध्ये खालचं खातं वरच्यात विलीन झालं आणि हंगामी जागा रद्द झाल्या. निरोपाला बक्षी आले नाहीत. ते आदल्या वर्षीच निवृत्त झाले होते.

घरी बसल्यावर महिनाभरानं कर्नालचा एक बासमतीचा व्यापारी पत्ता शोधत आला. त्याचा माल इराणला जायला लागला होता आणि तिथल्या माणसांशी बोलायला त्याला थोडी फारसी हवी होती. आठवड्यातून दोनदा तो यायचा, वहीत देवनागरीत लिहून घ्यायचा. दाणा लांब आहे, पोती कोरडी आहेत, जहाज उशिरा निघालं. एकदा त्यानं मध्येच विचारलं, "मॅडमजी, आप तो जानती होंगी. वहाँ आगे क्या होगा?"

"मला नाही सांगता येणार," पद्मिनी हिंदीत म्हणाली आणि तिनं त्याच्या वहीतला एक उच्चार दुरुस्त केला.

त्याला चाळीस वाक्यं हवी होती. सहा आठवड्यांत ती पाठ झाली आणि तो यायचा थांबला. त्यानंतर कोणी शिकायला आलं नाही.