बारातले दोन

सममूल्य अपूर्णांकांनी त्या आठवड्यात माझा जीव नकोसा केला होता. फळ्यावर एक छेद सहा आणि दोन छेद बारा यांच्यामध्ये बरोबरचं चिन्ह काढलं, की बाझील मान हलवायचा. "नाही बाई, दोन म्हणजे जास्तच." हट्टी कार्टं!

शुक्रवारी मी जानेवारीतल्या राजांच्या सणाची गालेत, म्हणजे गोल खुसखुशीत केक, आणली. बदामाचं सारण आणि त्यात लपवलेलं चिनीमातीचं इवलंसं मेंढरू. ते ज्याच्या तुकड्यात निघेल तो राजा, कागदी मुकुट त्याचा. चार वर्षं झाली तरी बाझीलच्या डोक्यावर मुकुट काही चढला नव्हता, त्यामुळे सकाळपासून त्याचं कशातच लक्ष नव्हतं.

आमच्या गावच्या शाळेत मुलं सहाच. मी सहा सारखे तुकडे केले. सगळ्यांत धाकटा ऑन्सेल्म रीतीप्रमाणे टेबलाखाली शिरला. मी विचारायचे, "हा कुणाचा?" आणि तो न बघता नाव सांगायचा.

बाझीलने आपला तुकडा निरखून पाहिला. "बाई, मला दोन द्या ना. एकात नाही निघालं तर दुसऱ्यात निघेल."

मी सुरी घेतली आणि त्याच्याच तुकड्याचे दोन केले. स्वारी खूश!

"अरे येड्या, तेवढंच आहे ते," क्लोतिल्द म्हणाली.

"तू जळतेस नुसती."

मी सुरी पुसून ठेवली. वाद घालायचं त्राण उरलं नव्हतं.

तेवढ्यात शाळेची बस चालवणाऱ्या मादाम व्हाशरों हात चोळत आत आल्या. "माझ्यासाठी ठेवलंय की सगळं फस्त केलंत?"

मी त्यांना साफ विसरले होते. मी काही बोलण्याआधीच बाझीलने ताटली पुढे केली. "घ्या ना! माझ्याकडे दोन आहेत." मला त्याचं फार कौतुक वाटलं.

मादामनी पहिलाच घास घेतला आणि कट् आवाज झाला. त्यांच्या तळहातावर मेंढरू! पोरांनी एकच कल्ला केला.

बाझील मात्र आपल्या ताटलीकडे बघत राहिला. "बाई, तो तुकडा माझाच होता ना?"

"हो."

"म्हणजे दोन्ही मिळून माझा एकच तुकडा होता?"

"हो रे बाळा."

त्याचे डोळे भरून आले. आठवडाभर जे कळावं म्हणून घसा कोरडा केला ते पोराला कळलं होतं, पण मला अजिबात आनंद झाला नाही.

मादामनी लोकरीच्या टोपीवर मुकुट चढवला. आता राणीने राजा निवडायचा. त्यांनी सगळ्यांवरून सावकाश नजर फिरवली. "ए बाझील, इकडे ये. अर्धं राज्य तुझं."

"नीट विचार कर हं," क्लोतिल्द खिदळली. "अर्धं घेतोस की आठातले चार?"

बाझीलने बाहीने नाक पुसलं. "काहीही द्या, सारखंच आहे. आधी तो मुकुट द्या!"