वीस बाटल्या
डॉक्टरांनी विचारलं, "पाणी किती प्यायल्या होत्या?" आणि त्याने मान ताठ करून सांगितलं, "वीस बाटल्या. मी स्वतः भरून दिल्या."

तेव्हा ती अजून होती. दोन दारांपलीकडे, नाकातोंडात नळ्या घातलेली. त्याला वाटलं, बायको बेचाळीस किलोमीटर पळायला निघाली आणि तुम्ही तिला पाणीसुद्धा दिलं नाहीत, असं आता ऐकून घ्यावं लागणार. म्हणून त्याने सगळं नीट सांगितलं. पाव लिटरची एक बाटली. कमरेच्या पट्ट्यात अशा चार. वाटेत चार ठिकाणी तो स्कूटर घेऊन उभा, आणि दर ठिकाणी चारही रिकाम्या काढून चारही भरलेल्या लावून दिल्या. रस्त्यातल्या टेबलांवरचे पेले वेगळेच.

"कमी अजिबात पडू दिलं नाही," तो म्हणाला.

डॉक्टर वयाने त्याच्या मुलीएवढ्याच होत्या. त्यांनी लिहिणं थांबवलं, खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसल्या आणि हळू आवाजात बोलू लागल्या. आज थंडी होती, ढग होते. सावकाश पळणाऱ्या माणसाला अशा हवेत घाम कमी येतो. घाम गेला त्याच्या कितीतरी पट पाणी पोटात गेलं. रक्तातलं मीठ पातळ झालं. मेंदूला सूज आली.

"पण दोन बाटल्यांत मीठ-साखर होतं," तो म्हणाला. "दर वेळी. दोन साधं, दोन मीठ-साखर."

"तेवढ्याने भागत नाही, काका. एकूण पाणीच जास्त झालं."

तो म्हणाला, "असं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वानऊला ती गेली. मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला होती. ती साडेदहाला पोचली, बॅग खांद्यावर तशीच. "काय झालं, बाबा?"

"हृदय बंद पडलं."

ते खोटंही नव्हतं. शेवटी सगळ्यांचंच बंद पडतं. पण तो बोलून गेला आणि मग तेच राहिलं. नातेवाइकांना तेच सांगितलं, शेजाऱ्यांना तेच, तिच्या कचेरीतल्या बायकांना तेच. मेव्हणी म्हणाली, "पन्नाशीला आल्यावर कसली ही पळायची हौस." दोष तिच्या पळण्यावर गेला आणि त्याने जाऊ दिला. खरं कारण लिहिलेला दवाखान्याचा कागद त्याने घडी करून दुकानात नेला आणि चेनच्या रिळांच्या खणात तळाशी ठेवला.

त्याचं बॅगा दुरुस्तीचं दुकान होतं. तुटलेले बंद, अडकलेल्या चेन, निखळलेली बकलं, चाकं उडालेल्या प्रवासाच्या बॅगा. जाड कापडावर चालणारं जुनं मशीन, आणि भोकं पाडून धातूच्या रिंगा बसवायचं एक हातदाब यंत्र. त्या दुकानातच त्याने तिचा पट्टा शिवला होता.

त्यालाही कारण होतं. ती पळायला लागली शेहेचाळिसाव्या वर्षी, गुडघे कुरकुरतात म्हणून आधी चालायला आणि मग हळूहळू पळायला. सकाळी पळणाऱ्या एका गटात गेली. तिथे सगळ्यांत मागे तीच. गटातल्यांनी तिचं नाव ठेवलं शेवटचा डबा. ती घरी येऊन हसत सांगायची, "अहो, गाडी पूर्ण आली की नाही हे शेवटच्या डब्यावरूनच कळतं. मी पोचल्याशिवाय त्यांची गाडी आलीच नाही म्हणायची."

पहिल्या मोठ्या शर्यतीत मात्र ती तिसाव्या किलोमीटरला कोसळली. त्या वर्षी ऊन होतं. ओठ फाटलेले, पायांत गोळे, दोन सलाइन चढवल्या. तो तेव्हा घरी वर्तमानपत्र वाचत बसला होता. मग जो तो त्याला विचारी, "एवढं पाणी नेऊन द्यायला काय झालं होतं तुम्हाला?" मेव्हणीने विचारलं. वाणसामानाच्या दुकानदारानेही विचारलं. बायकोने मात्र विचारलं नाही. तेच त्याच्या मनाला जास्त लागलं.

बाजारातले पट्टे त्याने आणून पाहिले. पळताना बाटल्या हिंदकळतात, पट्टा वर सरकतो, कातडी सोलते. त्याने स्वतः कापड निवडलं, आतून मऊ अस्तर लावलं, चार बाटल्यांसाठी चार घट्ट कप्पे शिवले, दोन डाव्या अंगाला, दोन उजव्या. पुढे रुमाल आणि किल्लीपुरता चेनचा खिसा. तिला बांधून घरातल्या घरात दहा फेऱ्या मारायला लावल्या. ती म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मापाचं काही शिवलंत. तेही घोड्याच्या खोगिरासारखं."

आणि एक नियम केला. बाटल्या रिकाम्या आल्या पाहिजेत. ती पळून आली की आधी मोरीपाशी जायचं आणि चारही बाटल्या त्याच्यासमोर एकेक करून उलट्या करायच्या. थेंब पडला तर बोलणी. थेंब नाही पडला तर तो चहा टाकायला उठायचा. दीड वर्ष हे चाललं. कधी ती कोपऱ्यावरच्या झाडाच्या मुळाशी उरलेलं पाणी ओतून यायची, हे तिने एकदा आपणहून कबूल केलं होतं. तेव्हा तो तिच्याशी दोन दिवस बोलला नव्हता. त्यानंतर तिने झाडाला पाणी घातलं नाही.

दुसऱ्या शर्यतीच्या दिवशी पस्तिसाव्या किलोमीटरला ती त्याच्यासमोर येऊन थांबली. चेहरा सुजल्यासारखा, डोळे भलतीकडेच. "डोकं दुखतंय हो. मळमळतंय. ही अंगठी बघा कशी रुतलीय."

"पाणी कमी पडतंय," तो म्हणाला. "उरलेल्या दोन इथेच संपव. मग नवीन चार घे."

"नको. पोटात नुसतं गुडगुडतंय."

"गेल्या खेपेचं विसरलीस?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग हात पुढे केला. "द्या. तुमच्या हातून काही सुटका नाही माझी."

ती दोन्ही बाटल्या पिऊन होईपर्यंत तो समोर उभा राहिला. मग चार भरलेल्या लावून दिल्या. एकोणचाळिसाव्या किलोमीटरला ती पडली. दवाखान्यातून तिच्या वस्तू पिशवीत घालून मिळाल्या तेव्हा त्याने पट्ट्यातल्या बाटल्या सवयीने उलट्या करून पाहिल्या. चारही रिकाम्या होत्या.

याला वर्ष होत आलं. मुलगी नोकरी बदलून घरी राहायला आली, बापाला एकटं ठेवायचं नाही म्हणून. तिसऱ्या महिन्यात तिने आईचे बूट घालून पाहिले. अर्धा नंबर मोठे होते, तिने दोन मोजे घातले. गटाने तिला हातोहात घेतलं. आता ती यंदाच्या शर्यतीत उतरणार होती, आईचे राहिलेले तीन किलोमीटर पुरे करायला, असं ती म्हणायची. शर्यत रविवारी होती.

आदल्या सोमवारी गटाचा कप्तान दुकानात आला. निवृत्त ड्राफ्ट्समन, सगळ्यांच्या वेळा वहीत टिपणारा, बोलायला मोकळा. काखेत कापडाची गुंडाळी.

"याला चारी कोपऱ्यांना रिंगा हव्यात, साहेब. आणि मध्ये वर एक, नाहीतर झोळ पडतो."

त्याने कापड टेबलावर उलगडलं. मोठी निळी अक्षरं होती. शेवटच्या डब्याचं टेबल. आणि खाली, पाणी प्यायल्याशिवाय पुढे जायचं नाही.

"पस्तिसाव्या किलोमीटरला लावतोय," कप्तान म्हणाला. "वहिनींच्या आठवणीत. तुमच्यासारखा पाणी पाजणारा नवरा सगळ्यांना कुठून मिळणार? म्हटलं, निदान टेबल तरी असू दे."

तो कापडाकडे बघत राहिला. कप्तानाला वाटलं, रडू येतंय. त्याने खांद्यावर हात ठेवला आणि खिडकीबाहेर बघायला लागला, चांगला माणूस म्हणून.

"ती खालची ओळ," तो म्हणाला.

"बोला ना. लहान झालीय का? मी म्हणतच होतो पेंटरला."

"नाही. ठीक आहे."

त्याने कोपरा दुमडला, खुणा केल्या, यंत्राचा दांडा खाली दाबला. पाच वेळा दाबला. रिंगा पक्क्या बसल्या. त्याचं काम कधी कच्चं नसायचं. कप्तान गुंडाळी घेऊन गेला. बराच वेळ तो कात्री हातात धरून बसला. वाटलं, धावत जाऊन ती ओळ कापून आणावी. उठला नाही.

बुधवारी सकाळी मुलगी शर्यतीआधीचं शेवटचं पळणं उरकून घरी आली. दोन तास पळून आली होती. आल्या आल्या मोरीपाशी गेली आणि आईच्या पट्ट्यातल्या चारही बाटल्या एकेक करून उलट्या केल्या.

"बघ बाबा. एक थेंब नाही. टाक चहा."

हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. सुट्टीला यायची तेव्हा तिने आईला बघितलं होतं.

"मध्ये दोनदा भरून पण घेतल्या," ती म्हणाली. मग उजव्या हाताचं बोट ओढायला लागली. तिथे आईची अंगठी होती. "च्, ही निघतच नाहीये. फुगलंय बोट."

त्याने चहाचं भांडं खाली ठेवलं. साबण आणला, तिचा हात आपल्या हातात घेतला आणि बोटाला साबण चोळू लागला. मग अंगठी जोराने पिळून ओढू लागला.

"अरे हळू, बोट काढशील."

"डोकं दुखतंय?"

"नाही."

"मळमळतंय?"

"नाही रे. भूक लागलीय. काय झालं तुला?"

अंगठी निघाली. त्याने ती मुठीत धरली. "तहान लागली तरच पी," तो म्हणाला. "नाही लागली तर नको पिऊस. बाटली भरलेली परत आली तरी चालेल."

ती हसली. "हे तू सांगतोयस? आईच्या बाटलीत घोटभर राहिलं तर घर डोक्यावर घ्यायचास."

"जास्त पाणी चांगलं नसतं. डॉक्टर म्हणाले."

"कुठले डॉक्टर?"

तोंडाशी आलं होतं. पण तो म्हणाला, "असेच एक. बॅग शिवायला आले होते."

"मग त्यांना सांग, माझी बाटली सोडा आणि बॅगेचं बघा." तिने टॉवेलने मान पुसली. "आणि तू त्याच चार जागी उभा राहा हं रविवारी. आईसाठी उभा होतास तसा. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय."

"पट्टा दे. कंबर सैल होतेय तुला."

"चार बोटं आत घे."

शनिवारी दुपारी ती पट्टा न्यायला दुकानात आली. त्याने कंबर आत घेतली होती. आणि मागचे दोन कप्पे उसवून काढले होते.

ती पट्टा उलटसुलट करून बघत राहिली. "हे काय? चार होत्या ना?"

"वजन मागे जातं. पट्टा तोलत नाही."

"आईला तोलत होता."

"तुझी कंबर बारीक आहे."

तिने क्षणभर विचार केला आणि मान हलवली. "चालेल. नाहीतरी दर दोन किलोमीटरला टेबल आहे. आणि पस्तीसला तर आपलंच."

दोन दिवस विचार करून केलेला त्याचा उपाय तिने दोन वाक्यांत मोडून टाकला होता. त्याने खण उघडला. चेनची रिळं बाजूला केली. घडी केलेला कागद हाताला लागला. त्याने तो बाहेर काढला, पण टेबलाखालीच धरून ठेवला.

ती स्टुलावर बसली होती, पट्टा मांडीवर घेऊन. आतलं अस्तर अंगठ्याने चाचपत होती.

"बाबा, एक विचारू? इतके दिवस विचारायचं होतं."

"विचार."

"शेवटी आई पाणी-पाणी करत होती का? मला स्वप्नात तशीच दिसते. रस्त्यावर पडलीय आणि पाणी मागतेय."

त्याने कागद घट्ट धरला. या प्रश्नाला तरी त्याच्याकडे खरं उत्तर होतं.

"नाही," तो म्हणाला. "तहान अजिबात नव्हती तिला."

मुलीचे डोळे भरून आले. तिने ते मनगटाने पुसले. "बरं झालं. तू होतास म्हणून." मग उठली, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, जसा तिची आई कधी कधी फिरवायची, आणि पट्टा कमरेला बांधून तशीच निघाली. दारातून म्हणाली, "पहाटे साडेचारला उठव."

तो "हो" म्हणाला.

संध्याकाळी दुकान बंद करून तो घरी आला. ओट्यावर बाटल्या धुऊन पालथ्या घातल्या होत्या, पट्ट्यातल्या दोन आणि त्याने वाटेत बदलून द्यायच्या आठ. दहाही त्यालाच भरायच्या होत्या, दर दोनांत एक साधी, एक मीठ-साखरेची. कागद शर्टाच्या खिशात होता. मुलगी आतल्या खोलीत बुटांच्या नाड्या ओवत कोणाशी तरी फोनवर बोलत होती, मध्येच हसत होती.

शर्यत उद्या सकाळी सहाला सुटते. पस्तिसाव्या किलोमीटरचं कापड लागलं आहे. बाटल्या अजून भरलेल्या नाहीत. मुलीला सांगायचं राहिलं आहे.