दारातले मौन

“सदर प्रथेची पूर्वकल्पना केंद्रातील कोणाही व्यक्तीस नव्हती, सबब घडल्या प्रकाराबद्दल कोणासही व्यक्तिशः जबाबदार धरता येत नाही.”

स्वागत-प्रशिक्षण केंद्राच्या चौकशी समितीचा हा निष्कर्ष. वाक्य आटोपशीर आहे, व्याकरणशुद्ध आहे, आणि त्यातला स्वल्पविरामाच्या अलीकडचा प्रत्येक शब्द खोटा आहे. ते ज्या बाईंनी लिहिले, त्यांच्या आयुष्यातले हे बहुधा सर्वांत कमी अभ्यासपूर्ण वाक्य असावे.

या बाई केंद्राच्या ज्येष्ठ अभ्यासक. घरात त्या थोरली सून, म्हणून आपणही त्यांना थोरलीच म्हणू. माणसे माणसांना कशी भेटतात, हा थोरलीचा विषय. कुठे नाकाला नाक लावतात, कुठे छातीवर हात ठेवून गुरांची खुशाली आधी विचारतात, कुठे जिभेचे टोक दाखवणे हाच आदर, हे सारे तिने त्या त्या उंबरठ्यांवर उभे राहून टिपले होते. एक अख्खा हिवाळा ती एका दूरच्या बेटावर राहिली. तिथली रीत अशी, की पाहुणा समुद्रावरून येतो, म्हणून पहिला शब्द पाहुण्याचा. तो बोलेपर्यंत यजमानाने नजर खाली ठेवून गप्प उभे राहायचे. यजमान आधी बोलतो तो एकाच प्रसंगी: होडी कुणाचे प्रेत घेऊन परतते तेव्हा. या मौनावर थोरलीने एक पुस्तक लिहिले. केंद्राच्या सभागृहात त्याची एक प्रत आजही आहे. प्रोजेक्टर कलतो, म्हणून ती त्याच्याखाली सरकवलेली आहे.

सगळ्या जगाचे अभिवादन जाणणाऱ्या या बाईला अभिवादन मात्र कुणी करत नसे.

आणि मग केंद्रात धाकटी आली. धाकटी म्हणजे तिच्या दिराची बायको. अभ्यास बेताचाच, पण दारात उभी राहिली की जिना चढणारा माणूस दम विसरून हसायचा. पहारेकरी थोरलीला पाहून खुर्चीतून उठे, तो नियम म्हणून, धाकटीला मात्र विचारी, “काय मॅडम, आज गाडी रुसली वाटतं?” घरीही तेच. दोघी एकाच वेळी दारातून आत येत, आणि सासूबाई आतूनच ओरडत, “आलीस का गं? दमलीस ना? चहा टाकलाय!” ती हाक एकवचनी आहे, हे थोरलीला पहिल्याच दिवशी कळले होते. तिच्या वाट्याचे वाक्य मागाहून येई: “आणि ते दार लावून घे हो, थोरले.”

थोरलीने इतकी वर्षे दार लावून घेतले. तिच्या पोटात काय जळत होते याला शास्त्रीय नाव नाही. साध्या भाषेत त्याला जळफळाट म्हणतात.

बेटावरून शिष्टमंडळ येणार असे ठरले. तिथल्या बंदरावरच्या माणसांना शिकवण्याचे काम केंद्राला मिळायचे होते, आणि संचालक निवृत्त होणार असल्याने, या स्वागताला जी दारात उभी राहील तीच पुढची प्रमुख, हे सगळ्यांनी गृहीत धरले होते. संचालकांनी थोरलीला बोलावून खुर्ची दिली. वाईट बातमीला ते नेहमी खुर्ची देत.

“तुमचा व्यासंग अफाट आहे, बाई. पण दारात कसं, हसरा चेहरा लागतो. धाकट्या बाईंना उभं करू. तुम्ही मागे असा, म्हणजे आम्हाला धीर.”

त्या संध्याकाळी थोरली स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. धाकटी दाराला टेकून उभी.

“ताई, उद्या काही वेगळं करायचं असतं का हो? तुम्ही तिथं राहून आलात. मी त्यांच्या भाषेतलं ‘या, दमलात का?’ तेवढं पाठ केलंय. बरोबर म्हणतेय का, ऐका ना.”

तिने म्हणून दाखवले. उच्चार निर्दोष होता. थोरलीला ते स्वर घोटायला हिवाळा लागला होता.

“छान जमलंय,” थोरली म्हणाली. सुरी थांबली नाही. “तू आपली नेहमीसारखीच बोल.”

“नक्की ना?”

“तुझ्या बोलण्याला कोण नावं ठेवणार आहे?”

“तुम्ही आहात म्हणून बाई निभावतं माझं,” असे म्हणून धाकटीने टोपलीतले गाजर पळवले.

इथे नीट पाहावे. थोरलीने चुकीची माहिती दिली नाही. तिने फक्त दुसरीचा गुणच तिच्या हाती शस्त्र म्हणून दिला, उलट्या बाजूने.

दुसऱ्या दिवशी बस थांबली. पांढऱ्या केसांची एक आजी सर्वांत पुढे उतरली. पायरीपाशी येऊन तिने श्वास घेतला, आणि ती तोंड उघडणार तोच धाकटी दोन्ही हात पसरून, तोंडभर हसत, त्यांच्याच भाषेत म्हणाली, “या, या! दमलात का?”

आजीचा चेहरा उतरला. ती गर्रकन मागे वळली आणि आपल्या माणसांकडे एकेक करून पाहू लागली, कोण कमी आहे ते. सगळे होते. तरी तिने पुन्हा एकदा मोजले. मंडळी न बोलता बसमध्ये परत जाऊन बसली.

खांबामागे थोरली उभी होती, नजर खाली, ओठ मिटलेले. अगदी रीतसर. तिच्या देहाला खोटे शिकवायचे राहून गेले होते.

चौकशी झाली. धाकटीने रडून रडून डोळे सुजवले, पण समितीला एवढेच सांगितले, “मी ताईंना विचारलं होतं. त्यांना माहीत असतं तर त्यांनी सांगितलंच असतं.” हे ऐकून समितीची एक सदस्य खिडकीबाहेर पाहू लागली. ती सदस्य थोरलीच होती. मग तिनेच ते वाक्य लिहिले. ते सुरक्षित होते, कारण तिचे पुस्तक कुणी वाचलेले नव्हते.

निष्कर्षावर सह्या व्हायच्या दिवशी सगळे सभागृहात जमले. संचालक खुशीत होते. “प्रमुखपद अर्थात ज्येष्ठतेनं तुमच्याकडे, बाई. आणि गोड बातमी म्हणजे, आपला मसुदा मी त्या आजींना कळवला होता. त्यांचा निरोप आलाय: ‘तुमच्याकडे आमची रीत जाणणारं कुणीच नाही, हे कळलं. मुलीचा दोष नाही. तिला इकडे पाठवा. माझ्या घरी राहील, मी शिकवीन.’”

धाकटीने तोंडावर हात धरला. “मी? अहो, ताईंना पाठवा ना!”

“त्यांचा एक हिवाळा होऊन गेलाय की,” संचालक हसले. “आणि एका हिवाळ्यात माणसाला कळून कळून कळणार किती!”

“तसं नका म्हणू,” धाकटी कळवळून म्हणाली. “निसटतं एखादं. ताई, मी आले की तुम्हाला सगळं नीट समजावून सांगेन हं.”

समजावून सांगेन. थोरलीने प्रोजेक्टरखालचे पुस्तक ओढून काढले. प्रोजेक्टर कलला आणि भिंतीवरचा निष्कर्ष तिरका झाला. तिच्यासमोर प्रमुखपद होते, सहीसाठी पेन उघडे होते, आणि गप्प राहण्याची रीत तिच्याइतकी त्या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हती. ती जे बोलली ते इतिवृत्तात शब्दशः असे आहे:

“मला माहीत होतं. दारात गप्प उभं राहायचं असतं, हे मला तिथल्या दारांत उभं राहून माहीत होतं. हिनं विचारलं तेव्हा मी भाजी चिरत होते, आणि मी मुद्दाम म्हटलं, नेहमीसारखीच बोल. ही चुकावी म्हणून. सगळ्यांच्या देखत चुकावी म्हणून. लिहायचं ते लिहा, पद कुणालाही द्या. पण मला माहीत नव्हतं असं लिहू नका.”